जलाशयाची पारख
(छोट्या केबिनच्या होडीतून सहकुटुंब विहार करणाऱ्यांसाठी)

धान्याच्या धंद्यात एक जुना दंडक आहे. पोत्याच्या तोंडाशी असलेला दाणा पाहून माल घेऊ नये. तोंडाशी दाणा टपोरा व स्वच्छ असतोच. खाली कोंदट झाला आहे की कीड लागली आहे, हे बंबी खुपसून तळाचा नमुना काढल्यावाचून कळत नाही. पाण्याचेही तसेच आहे. कार्तिकातील निळे, निश्चल पाणी हा पोत्याच्या तोंडाचा दाणा होय. त्यावर भाळून जो जलाशय निवडतो, त्याला वैशाखात तळाचा माल दिसतो.

आपल्या संघाच्या तरुण सभासदांपैकी कित्येकांना अलीकडे जलविहाराची गोडी लागली आहे. कोणी स्वतःची होडी घेतली आहे, कोणी सुटीत भाड्याने घेतात. त्यांच्यापैकी दोघातिघांनी मला विचारले, "अण्णा, आपल्या बाजूला चांगला तलाव कोणता?" हा प्रश्न "चांगला गहू कोणता?" अशासारखा आहे. पोळीसाठी की रव्यासाठी, या महिन्यात की वर्षभर साठवून, हे समजल्यावाचून त्याचे उत्तर देता येत नाही. म्हणून तलावाचे नाव सांगण्याऐवजी तो पारखावा कसा, हे येथे सांगण्याचा प्रयत्न करतो. माझे म्हणणे थोडक्यात असे की, जलाशय त्याच्या उत्तम दिवसावरून निवडू नये. त्याच्या वाईट दिवसावरून निवडावा.

प्रथम होडीचा विचार करू. येथे मनात धरलेली होडी पाच ते सात मीटर लांबीची, पुढच्या भागात दोघांना निजता येईल एवढी केबिन असलेली व मागे इंजिन लावलेली आहे. तिचा तळ पाण्यात हात-दीड हातच बुडतो; परंतु इंजिनाचा पंखा त्याहून खाली असतो. म्हणून तिच्याखाली निदान एक मीटर मोकळे पाणी असावयास पाहिजे. शिवाय केबिनमुळे होडीचा वरचा भाग उंच होतो व वारा त्याला भिंतीसारखा ढकलतो. साध्या वल्ह्याच्या होडीपेक्षा ती सुखाची खरी. परंतु उथळ पाणी व आडवा वारा हे तिचे दोन शत्रू आहेत, हे विसरू नये.

पाणी कोणाचे ?

पहिली चौकशी पाण्याच्या मालकीची व उपयोगाची करावी. आपल्या भागात नैसर्गिक सरोवरे थोडी. बहुतेक जलाशय धरणांचे आहेत, आणि त्यांतील कित्येक पिण्याच्या पाण्याचे आहेत. बेळगावला राकसकोपचे पाणी, ग्वाल्हेरला तिघरा धरणाचे, वडोदऱ्याला आजवा सरोवराचे. हैदराबादेत १९०८ साली मुसी नदीला महापूर आल्यानंतर उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) हे दोन तलाव बांधले गेले, व त्यांचे पाणी शहराने पिढ्यान्‌पिढ्या प्याले. ज्या पाण्यावर गावाची तहान भागते त्यात इंधनाचे इंजिन नेऊ नये, असे माझे मत आहे. जुन्या पद्धतीच्या टू-स्ट्रोक इंजिनात तेल इंधनातच मिसळलेले असते व त्याचा बराच भाग न जळता पाण्यात उतरतो. फोर-स्ट्रोक इंजिन त्याहून पुष्कळ बरे, व विजेच्या बॅटरीवरचे सर्वांत निर्दोष.

कायद्याची बाजूही आहे. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा आंतर्देशीय जलयान कायदा आला आहे. यंत्राने चालणाऱ्या होडीची नोंदणी व तपासणी त्याप्रमाणे आवश्यक आहे. धरणाच्या पाण्यात उतरावयास जलसंपदा खात्याची, व काठावर अभयारण्य असेल तर वनखात्याचीही परवानगी लागते. ही परवानगी कायमची समजू नये. भोपाळच्या बड्या तलावाचे उदाहरण बोलके आहे. भोजराजाच्या काळापासूनचा मानला जाणारा हा तलाव २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आला. त्यावर पर्यटकांच्या मोटारबोटी वर्षानुवर्षे फिरत होत्या. परंतु २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तेथे इंधनावर चालणाऱ्या बोटींना मनाई केली. काल चालले म्हणून आज चालेल, हा हिशेब येथे उपयोगी नाही. निघण्यापूर्वी त्या वर्षीचा नियम लेखी पाहून घ्यावा.

पातळी व तळ

दुसरी पारख पातळीची. नैसर्गिक सरोवराची पातळी वर्षभरात थोडीफार हलते. धरणाची पातळी मात्र हलण्यासाठीच असते. पावसाळ्यात भरावयाचे व शेती, वीज आणि नळ यांसाठी रिकामे करावयाचे, हेच त्याचे काम. खंडवा जिल्ह्यातील नर्मदेवरचा इंदिरासागर घ्या. त्याची पूर्ण पातळी २६२.१३ मीटर व वापरण्याजोग्या पाण्याची किमान पातळी २४३.२३ मीटर आहे. या दोहोंत जवळजवळ १९ मीटरांचे, म्हणजे सहा मजली इमारतीएवढे अंतर आहे. दरवर्षी पाणी तळाशीच जाते असे नव्हे. परंतु कार्तिकात ज्या खाडीत आपण नांगर टाकला, तीच खाडी वैशाखात गवताचे रान झालेली दिसू शकते.

उजनीचा यशवंतसागर तर उणे साठ्यासाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या एकूण सुमारे ११७ टीएमसी साठ्यापैकी निम्म्याहून अधिक मृत साठा आहे, व टंचाईच्या वर्षी त्यातूनही पाणी सोडावे लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात हा साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला होता. येथे "धरण किती टक्के भरले" हा वर्तमानपत्रातील आकडा होडीवाल्याला पुरेसा नाही. त्याने समुद्रसपाटीपासूनची आजची पातळी विचारावी व ती पूर्ण पातळीशी ताडून पाहावी.

पाणी उतरले की तळ वर येतो, आणि आपल्या धरणांच्या तळाशी गावे आहेत. बेळगाव जिल्ह्यात घटप्रभेवरील हिडकल धरणाचे पाणी ओसरले म्हणजे हुन्नूरचे विठ्ठल मंदिर दिसू लागते. गोव्यात साळावली धरणाखाली गेलेले कुर्डी गाव, ज्याचे नाव गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांच्या आडनावात राहिले आहे, दर उन्हाळ्यात काही आठवडे वर येते व गावचे लोक तेथे सोमेश्वराच्या दर्शनाला जमतात. इंदिरासागरच्या पाण्याखाली २००४ मध्ये हरसूदची अख्खी बाजारपेठ गेली. भाविकाला व इतिहासप्रेमीला हे दृश्य गहिवर आणणारे असते. होडीवाल्याने मात्र त्यातून आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मंदिराचा कळस दिसण्यापूर्वी काही दिवस तो पाण्याखाली हातभरच असतो. भिंती, विहिरींचे कठडे, झाडांचे बुंधे, दगडी बांध यांचेही तसेच. पूर्ण पातळीला ते निरुपद्रवी असतात व तळाला गेल्यावर डोळ्यांना दिसतात. मधल्या महिन्यांत ते घातक होत.

म्हणून माझा आग्रह असा की, ज्या जलाशयात होडी घालावयाची, त्याच्या उघड्या पात्रात त्याच्या आदल्या उन्हाळ्यात एकदा पायी फिरून यावे. हीच आपली बंबी. जेथे मुक्काम करावयाचा मानस आहे तेथे जमीन कशी आहे, खडक आहे की गाळ, विहीर कोठे, बांध कोठे, हे कागदावर मांडावे. त्याच वेळी शेतकऱ्यांच्या उपसा पंपांचे पाइप व वीजतारा कोठे उतरतात, कोळ्यांची जाळी व मत्स्यपालनाचे पिंजरे कोठे असतात, हेही विचारून घ्यावे. धरणाची भिंत, सांडवा व पाणी आत घेणारे बुरूज यांच्या आसपास तर फिरकूच नये.

येथे स्वतःची चूक सांगणे अवश्य आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात एका स्नेह्याच्या होडीतून आम्ही मुलांसह सहा माणसे पठारावरील एका रुंद जलाशयात गेलो होतो. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकावयाचे असल्याने घाईने एका शांत खाडीत काठाजवळ नांगर टाकला. मी काठी टाकून पाहिली. छातीपर्यंत पाणी लागले व मी समाधान पावलो. खाडीचे तोंड याहून उथळ असेल, हे मनात आले नाही. काठ जवळजवळ सपाट होता. अशा काठावर पाणी दोन-तीन बोटे उतरले तरी कड दहापंधरा पावले मागे सरते, हेही कोणाला सुचले नाही. रात्री धरणातून कालव्याला पाणी सुटले होते. सकाळी निघालो तो खाडीच्या तोंडाशीच होडी गाळावर बसली. इंजिन चालविले तसा पंखा चिखलात रुतला. खाली उतरावे तर पाय मांडीपर्यंत आत जाई. चौविहारामुळे रात्री पाण्याचा प्रश्न नव्हता, परंतु सकाळी तो उभा राहिला. एका संध्याकाळच्या हिशेबाने आणलेले पाणी दहा वाजेपर्यंत मुलांनाच पुरले. सभोवार कोसभर पाणी, पण ते शेवाळाने हिरवे झालेले. गाळण्याने जीव वेगळे होतात. शेवाळाचे विष वेगळे होत नाही. सहा वर्षांच्या नातीने पाण्याकडे बोट दाखवून "हे का नको?" असे विचारले, तेव्हा मला उत्तर देता येईना. एकच्या सुमारास कोळ्यांच्या दोन होड्या आल्या व त्यांनी दोर लावून आम्हांस ओढून काढले. त्यांच्यातील म्हातारा म्हणाला, "अण्णा, तुम्ही पाणी बघून मुक्काम केलात. गाळ बघायचा राहिला." चाळीस वर्षे तळाचा नमुना पाहून माल घेणाऱ्या माणसाला याहून मोठा चिमटा कोणता?

वारा

तिसरी पारख वाऱ्याची, आणि प्राणाच्या दृष्टीने हीच मुख्य. तलाव म्हणजे समुद्र नव्हे, तेथे लाटा कोठल्या, असा पुष्कळांचा समज असतो. लाट किती उठेल हे तीन गोष्टींवर ठरते : वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला, व उघड्या पाण्यावरून त्याला किती लांब धाव मिळाली. ताशी ३५ किलोमीटरचा वारा १० किलोमीटर उघड्या पाण्यावरून दीड-दोन तास वाहिला तर सुमारे अर्ध्या मीटरची लाट उठते. धाव चौपट झाली तर लाट साधारणपणे दुप्पट होते. समुद्रावरील लाटेपेक्षा ही लहान दिसते, परंतु ती आखूड व उभट असते. एकीचा धक्का सावरण्यापूर्वी दुसरी येते. पाणी उथळ असेल तर ती अधिकच उभट होते. छोट्या होडीला त्रास उंचीपेक्षा या उभटपणाचा अधिक होतो.

या दृष्टीने पठारावरील व घाटातील जलाशय यांच्या स्वभावात फरक आहे. पैठणचा नाथसागर सुमारे ५५ किलोमीटर लांब व २७ किलोमीटर रुंद आहे, आणि पुष्कळ ठिकाणी उथळ आहे. तेथे वाऱ्याला धाव भरपूर व आडोसा थोडा. उलट कोयनेचा शिवसागर डोंगरांच्या मधून गेलेला लांब, अरुंद व खोल जलाशय आहे. आडव्या वाऱ्यापासून तेथे संरक्षण मिळते. परंतु वारा खोऱ्याच्या लांबीने वाहू लागला की नळातून यावा तसा येतो, आणि काठ उभे असल्याने कोठेही होडी लावता येत नाही. शिवाय भोवती अभयारण्य असल्याने प्रवेशाचे नियमही कडक आहेत. म्हणून केबिनच्या होडीला मध्यम आकाराचा, पुष्कळ फाटे व बेटे असलेला जलाशय उत्तम. कोणत्याही दिशेचा वारा सुटला तरी अर्ध्या तासाच्या आत कोठल्या तरी टेकाडाच्या आड जाता आले पाहिजे. नकाशा पुढे घेऊन प्रत्येक दिशेच्या वाऱ्यासाठी एकेक आसरा शोधावा. चारही दिशांना आसरा सापडला नाही तर तो जलाशय आपल्यासाठी नव्हे.

ऋतूचा व वेळेचा विचार याला जोडूनच आला. चैत्र-वैशाखात दिवसभर जमीन तापते व सायंकाळी वळवाचे वादळ अचानक उठते. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी उजनीच्या पाण्यात कुगाव ते कळाशी या मार्गावर प्रवासी होडी अशाच वाऱ्याने उलटली व सहा जण बुडाले. ही होडी रोजच्या वाटेने जाणारी होती, व त्या वेळी जलाशय वर्षातील नीच पातळीच्या जवळ होता. पाणी कमी म्हणजे धोका कमी, हा समज किती खोटा आहे हे यावरून दिसते.

लहान तलाव म्हणजे निर्धोक तलाव, हाही तसाच खोटा समज. वडोदऱ्याचा हरणी तलाव शहराच्या वस्तीत आहे. तेथे ना लाट, ना वादळ. तरी १८ जानेवारी २०२४ रोजी शाळेच्या सहलीची बोट उलटून बारा विद्यार्थी व दोन शिक्षिका दगावल्या. बोटीत क्षमतेहून अधिक माणसे बसविली होती व पुष्कळांच्या अंगात तरंगणारी जाकिटे नव्हती. तलाव कितीही चांगला निवडला तरी ही दोन पथ्ये त्याने माफ होत नाहीत. होडीत बसणाऱ्या प्रत्येकाच्या, विशेषतः मुलांच्या, अंगात त्याच्या मापाचे जाकीट पाहिजे. बाकाखाली ठेवलेले जाकीट म्हणजे तिजोरीत ठेवलेली छत्री होय.

जीवदया

चौथी पारख आपल्या धर्माशी निगडित आहे, आणि माझ्या मते तिच्यात व्यवहारही आहे. पाणी गाळल्यावर गाळण्यात राहिलेले जीव, म्हणजे जिवाणी, ज्या विहिरीचे वा तळ्याचे पाणी असेल त्याच पाण्यात परत सोडावी, अशी आपली परंपरा आहे. एका पाण्याचे जीव दुसऱ्या पाण्यात टाकावयाचे नाहीत. आज जलशास्त्र होडीवाल्यांना हेच सांगत आहे. होडीच्या तळाला चिकटलेले शेवाळ, इंजिनात अडकलेली जलपर्णीची काडी, तळाच्या खोबणीत साचलेले पाणी यांतून एका तलावाची वनस्पती व सूक्ष्म जीव दुसऱ्या तलावात जातात. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील. तिने आपल्याकडील किती तळी गुदमरवली आहेत हे सर्वांस माहीत आहे. म्हणून होडी काढल्यावर सर्व पाणी त्याच काठावर निचरून टाकावे, तळ खरवडून स्वच्छ करावा, आणि ती उन्हात पूर्ण वाळल्यावाचून दुसऱ्या तलावात घालू नये.

पक्ष्यांचाही विचार व्हावा. नाथसागर व उजनी येथे हिवाळ्यात दूरदूरचे पक्षी येतात. जेथे थवे उतरतात त्या उथळ भागात इंजिन नेऊ नये; तेथे जाण्यात होडीचेही हित नाही. माशांना कणकेचे गोळे घालण्याची आपल्याकडे आवड आहे. त्यामागची भावना चांगली आहे. परंतु न खाल्लेले अन्न साठलेल्या पाण्यात कुजते व त्याचा प्राणवायू कमी करते. धान्याच्या व्यापाऱ्याने हे सांगावे याचे कोणास नवल वाटेल, पण खरे ते सांगितले पाहिजे. उष्टे, कागद व शौचाची घाण पाण्यात जाता कामा नये, हे तर सांगणे नकोच.

केव्हा जावे ?

आपले साधुसाध्वी चातुर्मासात विहार करीत नाहीत. होडीनेही तो नियम पाळावा. त्या महिन्यांत धरणे भरत असतात, केव्हाही दरवाजे उघडतात, ओंडके वाहत येतात व पाणी गढूळ असल्याने खालचे काही दिसत नाही. कार्तिकी पौर्णिमेपासून माघअखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. पातळी उंच, हवा थंड, सकाळचे पाणी शांत. त्यातही सूर्योदयानंतर निघून दुपारी वारा वाढण्यापूर्वी मुक्कामाला लागावे, नांगर खोल पाण्यात टाकावा, खाडीचे तोंड काठीने मोजून ठेवावे व सूर्यास्तापूर्वी सर्व आवरून घ्यावे. आपल्याला हे जड नाही. सूर्याच्या वेळापत्रकाप्रमाणे जेवणाऱ्या समाजाला होडीची शिस्त अर्धी शिकूनच आलेली आहे. पिण्याचे पाणी ठरविलेल्या दिवसांच्या दुप्पट न्यावे, व कोणत्या खाडीत मुक्काम आहे हे काठावरील एका जबाबदार माणसाला सांगून जावे.

शेवटी, ज्यांनी प्रश्न विचारला त्या तरुण मित्रांना एवढेच सांगणे आहे. एखादा जलाशय मनात भरला की त्याला चार प्रश्न विचारा. हे पाणी कोणाचे? वैशाखात येथे काय उघडे पडते? वारा सुटला तर मी अर्ध्या तासात कोठे जाईन? आणि मी निघून गेल्यावर हे पाणी होते तसेच राहील काय? चारही उत्तरे मिळाली तर खुशाल जा व मुलाबाळांना न्या. पाण्यावरची पहाट पाहण्याजोगी असते. एकही उत्तर अडले तर त्या दिवशी काठावर बसूनच पाणी पाहावे. माल परत केल्याने व्यापाऱ्याचे दिवाळे निघत नाही. न पाहता घेतल्याने निघते.

जय जिनेंद्र.